घड्याळ गुणगुणतं, काटे हलत नाहीत

तीर्थरूप मामांस,

बिब्ब्याचा साष्टांग नमस्कार. (दुरूनच घालतोय. जवळ आलो तर तुम्ही कान धराल, आणि कान हा सध्या माझा फार नाजूक विषय आहे. का, ते पुढे येईलच.) तुमची कंबर कशी आहे? दिवसभर डोळ्याला भिंग लावून लोकांच्या घड्याळांवर वाकून बसता, मामी ओरडत असेलच. तिला नमस्कार. इकडे आई बरी आहे. बाबाही बरे आहेत, म्हणजे माझ्याशी बोलत नाहीत.

कॉलेज का सोडलं, हे आईने तुम्हाला रडून सांगितलं असेल. मी न रडता सांगतो. सरांनी भर वर्गात माझ्या मनगटाकडे बोट दाखवून, सेलवरची जुनी घड्याळं म्हणजे खेळणी, असं म्हटलं. माझं डोकं फिरलं. जे सुचलं ते बोललो आणि तरातरा बाहेर पडलो. जिन्यात आल्यावर लक्षात आलं की बॅग आतच राहिली. आता बॅग आणायला परत जायचं म्हणजे स्वतःचं नाक स्वतः कापून घेणं, म्हणून मग कॉलेजच सोडलं. घड्याळं मात्र जमवतोच आहे. एकाच्या पोटात सेल फुटून हिरवं झालंय, एकाची केसाएवढी तार तुटलीय, एक नुसतीच डबी आहे. आई त्या खणाला वृद्धाश्रम म्हणते. बाबांचं म्हणणं (आईला उद्देशून, पण मला ऐकू जाईल असं) की एवढी घड्याळं असून हा एकदाही वेळेवर उठलेला नाही.

तर पंधरा दिवसांपूर्वी जुन्या बाजारात मला ते मिळालं. हो, तेच, ज्याच्या पोटात चिमुकला नादकाटा असतो, ते. शाळेच्या प्रयोगशाळेत ठोकून वाजवायचो तसाच दोन बोटांचा काटा, पण नखाएवढा. ते टिकटिकत नाही, गुणगुणतं, एवढं तुमच्याच तोंडून ऐकलेलं; प्रत्यक्ष कधी ऐकलं नव्हतं. घरी आणून नवा सेल घातला. (ओरडू नका. त्या काळचा सेल आता मिळत नाही, आणि हा जरा जास्त जोराचा असतो हे मला माहीत आहे.) काटे ढिम्म हलले नाहीत. गेलं म्हटलं, मेलं. तरी शोभेला मनगटावर बांधलं आणि दुपारी हात उशाशी घेऊन आडवा झालो.

आणि कानात डास शिरला! कूस बदलली की जायचा, हात गालाखाली घेतला की यायचा. आई म्हणाली, इतका चिडतोस, कधीतरी डोक्याची शीर तडतडणारच. मी घाबरून कानाच्या डॉक्टरांकडे गेलो.

मामा, तिथे ती होती. कान तपासणारी. मोठ्या फ्रिजसारख्या दिसणाऱ्या बंद खोलीत तिने मला बसवलं, डोक्यावर हेडफोन चढवले आणि म्हणाली, आवाज आला की बटण दाबा. मी आपला विचारवंतासारखा गाल मुठीवर टेकून बसलो (चांगलं दिसावं म्हणून) आणि बटण दाबतच राहिलो. तिने दार उघडलं. ‘‘अहो, मी अजून मशीन सुरूच केलेलं नाही!’’

मग तिने खरा, वीतभर नादकाटा आणला. ठोकून माझ्या कानामागे धरला. थांबला की सांगा म्हणाली. माझा गाल अजून मुठीवरच. तो थांबेचना. ती घड्याळाकडे पाहते (भिंतीवरच्या), माझ्याकडे पाहते. ‘‘हा कधीच थांबलाय. उगाच वेळ काढताय ना?’’ म्हणजे मी खोटारडा! माझा पारा चढला आणि मी हात धाडकन पत्र्याच्या टेबलावर आपटला. टेबल गुणगुणायला लागलं. ती वाकली, टेबलाला कान लावला आणि हसू दाबत म्हणाली, ‘‘कान ठणठणीत आहेत. रोग मनगटाला आहे.’’

तिथून माझी जी गाडी सुटली! आतला काटा थरथरतो, त्याला जोडलेली बारीक पट्टी एका चाकाचा एकेक दाता पुढे ढकलते, दाते इतके बारीक की भिंगाशिवाय दिसत नाहीत, आणि पट्टी दात्याला नीट लागली नाही की घड्याळ गुणगुणतं पण काटे जागचे हलत नाहीत. सगळं तुमच्या दुकानातल्या बाकावर बसून ऐकलेलं. ती म्हणाली, ‘‘म्हणजे जीव भरपूर, पुढे सरकणं नाही.’’ मामा, मागे तुम्ही माझ्याबद्दल अगदी हेच म्हणाला होतात आणि मी चहा टाकून निघून गेलो होतो. या वेळी बसून राहिलो. चहाही घेतला.

त्यानंतर दोनदा कान दाखवून आलो. तिसऱ्यांदा डॉक्टर म्हणाले, तुझे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत, आता काय काम आहे ते सरळ सांग. (डॉक्टर तिचे वडील आहेत, हे मला तेव्हा कळलं.) बाकी सर्व क्षेम.

तुमचा,
बिब्बा

ता. क. डॉक्टरांनी विचारलं, करतोस काय? मी म्हणालो, मामांच्या दुकानात काम शिकतो. तेव्हा सोमवारपासून तेवढं खरं करून घ्या. झाडूही मारीन, पण बाक माझा.

ता. ता. क. मंगळवारी ती दुकान बघायला येणार आहे. तिच्यासमोर बिब्बा म्हणू नका.

ता. ता. ता. क. पहिलं काम म्हणून हेच घड्याळ आणणार होतो, पण ते तिने ठेवून घेतलंय. काटे हलत नाहीत तरी उशाखाली ठेवते म्हणे, गुणगुण ऐकायला. तेव्हा घड्याळाची घाई नाही. आधी मला लावा चालीला.