तीन पिढ्यांचा दाखला

॥ श्री ॥
उदगीर, ता. ५ डिसेंबर १९८२

ती. सौ. महादेवीअक्कास, धाकटा भाऊ मडिवाळप्पाचे शि. सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपला लातूर जिल्हा होऊन चार महिने झाले आणि तुझा भाऊ अध्यक्ष झाला. दचकू नकोस. जिल्ह्यात सध्या अध्यक्ष नसलेला माणूस शोधूनही सापडत नाही. कचेरीत खुर्च्या कमी आणि समित्या जास्त, म्हणून आम्ही उभ्यानेच बैठका घेतो.

माझी समिती देवणी गोवंश शुद्धी व चारा वाटपाची. पावसाने दगा दिला, कडबा सोन्याच्या भावाला गेला. जो थोडा आला तो चांगल्या वंशालाच मिळावा म्हणून मी छापील अर्ज काढला. वळू आणि गाय यांच्या तीन पिढ्यांची नावे लिहायची. कलम सात माझ्या हातचे : दोन्हीकडे एकच नाव आले तर अर्ज बाद. परवा सरजाबाई नावाच्या शेतकरणीची जोडी बाद केली. वळू आणि गाय एकाच बापाची निघाली! मी भर बैठकीत समजावून सांगितले की रक्तात तेच रक्त मिसळले की दडलेली खोड वर येते, वासरू आंधळे नाहीतर लुळे निघते. साहेबसुद्धा मान डोलावत होते.

आता घरचे. चि. नीलाला तुझ्या गुरुपादासाठी दे, असे तू दोन वर्षे म्हणते आहेस. माझा होकार आहे. मामाची पोरगी आत्याच्या घरी, यापरते चांगले काय? आपले रक्त आपल्याच घरात राहील. ती नांदेडला बी.एस्सी. शिकते आहे, तिची परीक्षा झाली की बार उडवू.

सिद्धम्मा बरी आहे. बहिऱ्या-मुक्या बहिणीचा तुला खुणेने नमस्कार. माझा वळू अजून तिच्याच हातचे खातो.

आहे तशी माया राहू दे.
तुझा मडिवाळ


कंधार, ता. १४ डिसेंबर १९८२

चि. मडिवाळास अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. अध्यक्ष झालास, लई आनंद झाला. लहानपणी शेळी राखाया लावलं तर दोन हरवून आलतास, ते समितीला सांगू नको. तुमची देवणी असंल मोठी, पर आमची लाल कंधारी वाळला पाला खाऊन उभी हाय. तिला कुणी अर्ज न्हाई मागितला.

नीलाचं आयकून जीव निवला. गुरू मास्तर हाय त्या नायगावच्या शाळेत त्याला निरोप धाडला. तो हाव बी म्हणला न्हाई अन् न्हाई बी म्हणला न्हाई, निस्ता खाली बघितला. लाजला असंल.

माझ्या सासूचं, गुरम्मा आत्याचं, तोंड चालूच हाय. आता तर म्हणती की सून तरी चांगल्या पायगुणाची यावी. कुणाला टोमणा हाय ते तुला ठाव हाय. गुरूच्या आदीची माझी दोन लेकरं गेली, त्याला तीस वर्सं होत आली, पर तिचं बोट अजून माझ्याकडंच. भावाची लेक आली तर निदान घरात माझ्या बाजूचं कुणी तरी असंल, येवढाच माझा सवार्थ.

तब्येतीला जपून ऱ्हा.
तुझी अक्का


नांदेड, ता. २६ डिसेंबर १९८२

ती. आप्पांस, नीलाचा सा. न. वि. वि.

लग्न नको म्हणून मी दोन पत्रे पाठवली. उत्तर आले नाही. अर्जाला मात्र तुम्ही पंधरा दिवसांत उत्तर देता असे सिद्धम्माआत्याजवळच्या कोऱ्या अर्जावर छापले होते. दिवाळीत तिने तो मला वहीला पुठ्ठा घालायला दिला होता. तोच भरून समितीकडे पाठवला आहे. नर : गुरुपाद. मादी : नीला. नराच्या आईचे वडील मलप्पा. मादीच्या वडिलांचे वडील मलप्पा. एकही नाव खोटे नाही.

आप्पा, सरजाबाईला तुम्ही जे सांगितलेत ते इथपर्यंत ऐकू आले, आणि ते आमच्या पुस्तकात आहे. प्रत्येकाच्या अंगातल्या जीनमध्ये एखादा दोष निजलेला असतो. एकट्याने असतो तोवर काही करत नाही. आई आणि बाप दोघांकडून तोच आला, तर मुलात जागा होतो. एकाच आजोबांची नातवंडे असली की दोघांकडे तोच दोष असण्याचा संभव वाढतो. मलप्पाआजोबांनी सख्ख्या बहिणीची मुलगी केली. त्यांच्या पोटी तुम्ही, महादेवीआत्या आणि सिद्धम्माआत्या. पुढे महादेवीआत्याला दिले ते तिच्या आत्याच्याच घरी. आता मी.

सिद्धम्माआत्या जन्मायला नको होती, असे मी म्हणत नाही. तिच्याइतके माझे लाड कुणी केले नाहीत. पण होणाऱ्या लेकराला कुणी विचारणार नसेल, तर त्याच्या वतीने निदान मी विचारते. आणि ते सोडा, गुरूदादाने मला सायकल शिकवली. मी त्याला राखी बांधते.

तुमच्या उत्तराची वाट पाहणारी,
नीला


उदगीर, ता. १९ जानेवारी १९८३

ती. सौ. अक्कास शि. सा. न. वि. वि.

अक्का, तोंड दाखवायला जागा उरली नाही. नीलाचे पत्र माझ्या दुकानात न उघडता पडून राहिले आणि मी लातूरला बैठकीला गेलो. तिथे शंभरावर अर्जांचा गठ्ठा. आमचा लिपिक जिल्ह्यात नवा, त्याने कलम सात लावून नावे तपासली आणि निकाल लिहिले. मी न वाचता सह्या केल्या. अध्यक्षाने वाचत बसायचे तर समिती कशाला? माझ्याच सहीने माझ्या पोरीचे लग्न नामंजूर झाले : ‘जवळच्या रक्ताची जोडी, प्रजननास अयोग्य.’ वर गोल शिक्का. निकाल फळ्यावर लागले. सरजाबाई ते बघायला मुद्दाम एस.टी.ने आली.

मी म्हणालो, माणसाला जनावराचा कायदा लागत नाही. तर ती सर्वांसमोर म्हणाली की मग जनावराला तरी माणसासारखं वागवा. तिच्या वळूला लगीन करायचं न्हाई, त्याला भूक लागलीया. लोक इतके हसले की साहेबांनी तोंडाला रुमाल लावला. शेवटी ठराव झाला : कलम सात फक्त पैदाशीला, कडबा सर्वांना. सरजाबाईची गाडी पहिली भरली. माझ्या वळूचा नंबर एकोणचाळिसावा.

नीलाचे पत्र सोबत पाठवतो. तूच वाच आणि तिला खडसाव. जीन-जीन काहीतरी शिकून आली आहे. मला जीन म्हणजे कापसातली सरकी काढायची तेवढी माहीत. पण खोटे बोलणार नाही, काल सिद्धम्मा वळूसमोर बसली होती आणि मी बराच वेळ तिच्याकडे बघत होतो. तिला कधी मी हाकही मारलेली नाही, हे ध्यानात आले.

रागावू नकोस.
मडिवाळ


कंधार, ता. २ फेब्रुवारी १९८३

चि. नीलास अनेक आशीर्वाद.

तुझ्या बापानं तुझं पत्र धाडलं, तुला खडसावाया. पयले दोन दिवस मला लई राग आला. तू माझं घर नाकारलं असं वाटलं. गुरूला बोलावून घेतलं. त्यानं आयकलं अन् असा दम सोडला की मला हसू आलं. लाजला न्हवता ग तो, अडकला होता. आता हे लगीन न्हाई. मीच न्हाई म्हणते.

मग तुझं पत्र पुन्हा वाचलं. चौथीपातुर शिकल्याली मी, बोट ठिवून ठिवून वाचलं. आई अन् बाप दोघांकडून, असं तू लिवलंस. माझी दोन लेकरं गेली तवापासून मी तीस वर्सं माझाच पाय बघत बसले, बाई. ऱ्हात्या घरात उंबरा वलांडताना मला भ्याव वाटायचं. अन् तुझ्या कागदात पायाचं नावच न्हाई.

काल दुपारी सासूला जवळ बसवून सांगितलं. भांडाया न्हाई. तीबी तिच्या सख्ख्या मामालाच दिल्याली. मग तिनं इचारलं की तिची लेकरंबी तशीच गेली का. मी म्हणले, हाव, तसंच असंल, नीला म्हणती. तवा म्हातारीनं बोटावर मोजत तीन नावं घेतली. सिवाप्पा, काशी, बसम्मा. पन्नास वर्सांत या घरात कुणी ती नावं आयकली न्हवती, तिच्या लेकानंबी न्हाई. चौथी पोर बारा दिसाच्या आतच गेल्याली, तिचं नाव ठिवायचं ऱ्हाऊन गेलं होतं.

ते आमी दोघींनी काल ठिवलं. पारू.

अभ्यास कर. आत्याला इसरू नको.
तुझी महादेवीआत्या