भरलेली बाटली

प्रिय आईस,

मी सुखरूप पोचले. खोलीत उजेड आहे, शेजारीण बोलकी आहे. तेव्हा जेवून घेत जा, माझी वाट बघत बसू नकोस.

नोकरी लागली की नाही, ते मात्र मलाच कळलेलं नाही. मुलाखतीत शिवणकारखान्याचे साहेब म्हणाले, "स्त्री-अभ्यास शिकलात म्हणजे तुम्हाला नेमकं येतं काय?" मी म्हटलं, "बायकांशी बोलता येतं."

"ते आमच्या बायकोलाही येतं," ते हसून म्हणाले. "इथे बायका दुपारी चक्कर येऊन पडतात. कारण शोधा, मग बघू."

दिवसभर बायकांमध्ये बसले, गप्पा मारल्या. पाणी कुणीच पीत नव्हतं, कारण संडासाच्या दाराला आतून कडीच नाही. साहेबांना तसं सांगितलं, तर नुसतं "बरं" म्हणाले. काकांना इतक्यात काही बोलू नकोस. "तरी सांगत होतो, शिक्षिका हो," एवढंच ऐकवतील.

तुझे गुडघे कसे आहेत?

आणि आई, तूही कामावरून पाण्याची बाटली भरलेलीच परत आणतेस. इतकी वर्षं मी ती मुकाट कुंड्यांमध्ये ओतत आले. तुझ्या तिथे कडी आहे ना गं?

तुझी,
थोरली