रेडिएटरचं पाणी कुठं जातं

६ जानेवारी, सोमवार

पुन्हा तेच! तुळजापूर ओलांडलं आणि काटा लाल रेषेला टेकला. बॉनेट उघडलं तर कूलंटची बाटली कोरडीठाक. काल दुपारीच भरली होती मी! इंजिन निवेपर्यंत रस्त्याकडेला बसलो. आप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ दे बाई. फिरव माघारी." मी कसली फिरवते! पण सोलापूरला पोचेपर्यंत उशीर झाला, आप्पांना डायलिसिसच्या मशीनवर अर्धाच वेळ मिळाला. सिस्टर माझ्यावरच डाफरल्या, "वडिलांना वेळेवर आणता येत नाही?" सोमवार-गुरुवार चुकवायचा नाही, हे काय मला कळत नाही?

७ जानेवारी

गॅरेजवाल्या नंदीशनं रेडिएटरचं झाकण बदललं, पाइप चाचपले. "ताई, गाडी म्हातारी झालीया, पर गळती कुठंच दिसंना." मग पाणी जातं कुठं? इंजिन पितंय? तो नुसता मान हलवतो. मला त्या मान हलवण्याचीच भीती वाटते.

९ जानेवारी, गुरुवार

आज निघताच आलं नाही. बाटली रिकामी, रेडिएटर रिकामा, आणि अंगणात एक थेंब नाही! एस.टी.नं न्यावं तर परतताना आप्पांना बसायचंही त्राण नसतं. आमच्या बेंबळीतली भाड्याची जीप लग्नाच्या वऱ्हाडाला गेलेली.

मी चाकाला लाथ मारली. चप्पल तुटली.

१० जानेवारी

पहाटे आप्पांना धाप लागली. पाय सुजून घोटे दिसेनात. रात्री परतलेल्या जीपनं नेलं. डॉक्टर माझ्याकडं बघत म्हणाले, "असं पुन्हा करू नका." मी केलं का?

१२ जानेवारी

गाडी दोन रात्री गॅरेजात. नंदीशनं रेडिएटरला हवेचा पंप लावून दाब धरला, काटा तसूभर हलला नाही. ऑइलमध्ये पाणी नाही, धूर पांढरा नाही. म्हणजे इंजिन पाणी पीत नाही, हेड गॅस्केट शाबूत. "माझ्याकडं गळत न्हाय, तुमच्याकडंच गळतीया. काय म्हणावं!" आम्ही दोघंही हसलो. मला हसू आलं नव्हतं खरं तर. बांधाच्या भांडणावरून शेजारीच तर रात्री पाणी काढत नसेल?

१३ जानेवारी, सोमवार

गॅरेजातूनच गाडी घेतली, सरळ सोलापूर. काटा मधोमध! आप्पा वाटभर त्या काट्याकडंच बघत होते.

१६ जानेवारी, गुरुवार

सापडलं!!

पहाटे गाडीपाशी खुडबुड ऐकू आली. शेजाऱ्याला रंगेहाथ पकडायचं म्हणून काठी घेऊन गेले. बघते तर आप्पा! रेडिएटरखाली घमेलं, खालचा कॉक सोडलेला, हिरवं पाणी बदाबदा घमेल्यात. भरलं की मोरीत ओतून येत होते. मी ओरडले. ते शांतपणे म्हणाले, "बोरचं खारं पाणी रातभर ठिवू न्हाय. पत्रा खातंय."

साखर कारखान्याच्या जीपवर त्यांची हयात गेली. तिथं बोरचंच पाणी घालायचे, म्हणून मुक्कामाला आलं की रेडिएटर मोकळा करायची रीतच होती. मी खाली बसून हसत सुटले. आप्पा, हे बोरचं पाणी नाही हो, कूलंट आहे, यानं पत्रा गंजत नाही! ते म्हणाले, "व्हय? मला काय ठाऊक." आणि मी या माणसापायी शेजाऱ्यावर काठी उगारणार होते!

नंदीशनं कॉक काढून तिथं घट्ट बोल्ट बसवला. त्याला पान्हा लागतो, हातानं सुटत नाही. उशिरा का होईना, सोलापूर गाठलं. कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

१९ जानेवारी

बाटली काठोकाठ. तीनदा पाहून आले. उद्या निवांत जाऊ.

२० जानेवारी, सोमवार

किल्ली खिळ्यावर नाही. गाद्या उलटल्या, पिठाचा डबासुद्धा पाहिला. आप्पा ओसरीवर बसून माझी धावपळ बघत होते. मग म्हणाले, "हुडकू नगंस, पोरी. हिरीत टाकली म्या. बास झालं आता सोलापूर."

दुसरी किल्ली माझ्या पर्समध्ये आहे. अजून त्यांना सांगितलेलं नाही.