बुजगावणं आणि सोपान

रवि. १९ जाने. ८६, हिंगणघाट
काल हेडमास्तरांनी केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. मग हळूच, "गावंडे सर, व्हिडिओवाल्याकडे छडी घेऊन उभे असतात ते तुमचे वडीलच का?"
हो, तेच. वय एकाहत्तर. उभा जन्म दंडारीत सोंगं घेऊन नाचले. आता दंडार कोणी बघत नाही, म्हणून जिनिंगच्या जुन्या गोदामातल्या गुलाबच्या व्हिडिओ हॉलमध्ये टीव्हीच्या बाजूला उभं राहून जपानी कार्टून समजावून सांगतात. जपानी त्यांना माझ्याइतकंच येतं. गुलाबचा साळा मस्कतहून कॅसेटी पाठवतो. वर्ष झालं, दर रविवारी तीन वाजता हा तमाशा. लोखंडाचा अगडबंब माणूस, त्याच्या छातीत बसून एक पोरगा त्याला चालवतो, आणि आकाशात मारामाऱ्या. बाबांनी पोराचं नाव ठेवलं सोपान, यंत्राचं बुजगावणं, पांढऱ्या केसांच्या शत्रूचं पांढरक्या. झालं भाषांतर. आणि अर्धं गाव तोंडाचा आ करून बसतं.
मी विज्ञान शिकवतो. कोणाला?

मंगळ. २१ जाने.
जेवताना बाबांना बुजगावण्याचा हिशेब करून दाखवला. एवढं वजन, एवढासा तळपाय. आपल्या काळ्या मातीत पहिल्या पावलालाच कमरेपर्यंत रुतेल. श्रावणात माझी सायकल निघत नाही.
"उन्हाळ्यात येते थो," बाबा म्हणाले. सुमन हसली. बायकोच ती, कोणाच्या बाजूची असणार!

रवि. २६ जाने.
सकाळी झेंडा, भाषणं. त्याच त्या टाळ्या. दुपारी बाबांना आणायला गेलो. मी आत जात नाही, दारात सायकल धरून उभा राहतो. पांढरक्याचं विमान पेटलं आणि नेमकं तेव्हाच चित्र गेलं, नुसत्या मुंग्या. परत आलं तेव्हा पांढरक्या नव्हता. बाबांनी क्षणभरही विचार केला नाही. "मेला! पांढरक्या मेला!" केवढ्या टाळ्या. टेप खराब होती एवढाच पुरावा.
पण ओरडताना आवाज मधेच फाटला, पुढे नुसती हवा. तीन महिने घसा बसलाय. सुपारी बंद करा म्हटलं की ऐकू येत नाही.

गुरु. ३० जाने.
नागपूर. डॉक्टरांनी घशात नळी घातली, छोटा तुकडा काढून तपासायला दिला. एक महिना एक शब्द बोलायचा नाही. रिपोर्ट २४ फेब्रु.ला. मी विचारलं, काय असू शकतं? "बघू," म्हणाले. एवढं शिकून "बघू".
परत येताना बसस्टँडवरून पाटी आणि पेन्सिल घेतली. बाबांनी पहिलं वाक्य लिहिलं: "गुलाबले सांग, शेवटची क्यासेट आली तं माह्याशिवाय लावू नको."

बुध. ५ फेब्रु.
गुलाब घरी आला. म्हणे शेवटचा भाग आला, पूर्ण सिनेमा आहे, दोन तासांचा, यात सगळं संपते. लोक रोज विचारतात.
"मास्तर, तुमी सांगा ना. शिकेल माणूस तुमी."
मी म्हटलं, शिकलो तेच अडचणीचं आहे. मी खोटं सांगत नाही.
"मंग बुढा काय खोटं सांगे का?" गुलाबला खरंच राग आला.
बाबा पाटी मांडीवर घेऊन बसले होते.

रवि. ९ फेब्रु.
सकाळी गुलाबकडे जाऊन एकट्याने बघितला. केवळ बाबा काय चुकले ते मोजायला. थुक्रट. यंत्रं रडतात. मरणारा माणूस पाच मिनिटं बोलतो, आणि तोवर शत्रू थांबतो. हिंदी सिनेमावाले बरे, ते निदान गाणं म्हणतात.
सुरुवातीलाच पांढरक्या. धडधाकट. शेवटपर्यंत आहे.
बाबांना सांगितलं. त्यांनी दोन्ही हातांनी पाटी धरली. मला वाटलं होतं मजा येईल. नाही आली.

रवि. १६ फेब्रु.
गुलाबने न राहवून आज सिनेमा तसाच लावला. वीस मिनिटांत आरडाओरडा. "मुक्याचा पिच्चर हाय का बे!" बंद करावा लागला. बाबा समोरच्या खुर्चीत बसलेले. बोलायला उठले, तोंड उघडलं, आणि मी त्यांना हाताला धरून बाहेर आणलं. सगळ्या हॉलसमोर. घरी जेवले नाहीत.
सुमन म्हणाली, "तुम्ही वर्गात साठ पोरांपुढे बोलता. इथं काय जाते तुमचं?"
इज्जत जाते. पण तिला म्हटलं नाही.

रवि. २३ फेब्रु.
लिहून टाकतो, म्हणजे सुटेन.
उभा राहिलो. बाबांची छडी हातात. हॉल खचाखच, मिलची पाळी सुटलेली, दारात हेडमास्तरांचा प्यून. बाबा समोर. पहिल्या पाच मिनिटांत पांढरक्या पडद्यावर आला, आणि मागून, "मास्तर, हा तं मेला होता ना?" दुसरा, "बुढ्यानंच सांगतलं होतं." सगळे बाबांकडे बघायला लागले. बाबा मान खाली घालून पाटीची चौकट नखाने खरवडत होते.
टेप खराब होती, बाबांचं चुकलं. एवढंच वाक्य. खरं आणि सोपं.
"थो मेला थो येगळा," मी म्हणालो. "हा त्याचा जुळा भाऊ होय."
वर्गात मले-तुले म्हणणाऱ्याला मी बाकावर उभं करतो. आणि जुळा भाऊ! याहून हलकी युक्ती सिनेमाच्या बाजारात नाही. पण हॉल "अऽऽ" करून शांत झाला. बाबांनी मान वर केली.
मग बोलत सुटलो. काय बोललो ते सगळं आठवत नाही, आठवतं त्याची लाज वाटते. बुजगावण्याला आई दिली, ती हिंगणघाटच्या जिनमध्ये कामाला होती.
शेवटी धरणाची मोठी भिंत तडकते. पलीकडे पाणी, अलीकडे वस्ती. बुजगावणं भिंतीला पाठ लावून उभं राहतं, माणसं निसटतात, मग सगळं कोसळतं. पाणी ओसरतं तेव्हा यंत्राचा एक हात बाहेर, छातीतलं दार उघडं, आत कोणी नाही. लगेच जपानी नावांची रांग. वर्षभराची कहाणी आणि असा शेवट. बनवणाऱ्यांना चाबकाने फोडलं पाहिजे.
कोणी उठेना. "मास्तर, सोपान मेला का वाचला?"
बाबांच्या दंडारीत रीत होती, बघणाऱ्याने विचारलं की उत्तर दिल्याशिवाय सोंग उतरवायचं नाही. ते माझ्याकडे बघत होते. विज्ञान सांगतं की एवढ्या पाण्याखाली कोणी वाचत नाही. तोंडावर आलं होतं.
"ते बाबा सांगतीन," मी म्हणालो. "आवाज आल्यावर."
"कधी?"
"आल्यावर म्हटलं ना. तवा येजो."
लोक कुरकुरत गेले. बाबांनी पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "गधा." पण हसत होते.
मी हसलो नाही. मला भीती वाटते. उद्या रिपोर्ट आहे.

सोम. २४ फेब्रु.
सातची नागपूर बस. बसमध्येच लिहितोय, अक्षर वाकडं.
स्टँडवर चहावाल्याने विचारलं, "बाबा, वाचला ना सोपान?" कंडक्टर पण वळून बघायला लागला. या गावाला दुसरा उद्योग नाही. बाबांनी चहावाल्याला बोटाने थांब अशी खूण केली.
घरून निघताना त्यांनी पाटी पिशवीत टाकली. पेन्सिल खाटेवरच ठेवली. मी दाखवली तर मान हलवून नको म्हणाले, घशाकडे बोट दाखवलं आणि चपला घालून पुढे झाले.
त्यांचं लक्ष नाही बघून मी ती उचलून खिशात घातली. आत्ताही खिशातच आहे. ते खिडकीतून शेतं बघत आहेत.