ईराला वाचून दाखवलेलं पान

मंगळवार, पिस्कॅटवे

ईराचा कॉलेजातून फोन. सुरुवातीच्या इंग्रजी कादंबऱ्या हा विषय घेतलाय लेकीनं. "आई, तेव्हाचे रायटर्स शपथेवर सांगायचे, हे सगळं खरं घडलंय. आणि लोक बिलीव्ह करायचे! सो फनी!" मग म्हणाली, "तुझी कादंबरी वाचून दाखव ना. मला मराठी वाचता कुठे येतं?"

किती वर्षं वाट पाहिली या वाक्याची. वाचायला लागले. कादंबरीतली बाई, मुलगी शिकायला गेल्यावरही रोज दोघींचा चहा टाकते.

"आई, इज दिस यू?"

"छे गं, काल्पनिक आहे सगळं."

"ओह, गुड," म्हणाली आणि मैत्रिणींबरोबर जेवायला गेली.

दोघींचा चहा. तेवढं वगळायला हवं होतं का? पण तिला इतकं चटकन कसं पटलं?