सासऱ्यांचा अंगठा आणि माझी बाटली

३ जून
सासऱ्यांच्या पायाच्या अंगठ्याची जखम सहा महिने भरत नाही. डॉक्टर म्हणाले, महिनाभर पाहू, नाहीतर अंगठा काढावा लागेल. सासूबाईंची रडारड. मी शांत. अशा जखमेत जंतू एकजूट करून चिकट थर धरतात, त्याला बायोफिल्म म्हणतात, आणि त्यावर मी बारा वर्षं रिसर्च करतोय. आजपासून मुक्काम सासरी. ड्रेसिंगचं खातं माझ्याकडे.

४ जून
नर्सताई ड्रेसिंग दाखवून गेल्या. म्हणाल्या, जखम धुवायची छोटी बाटली एकदा उघडली की उरलेलं औषध फेकायचं. काय ही उधळपट्टी! मी सगळं एका स्प्रेच्या बाटलीत ओतलं. संपत आलं की वरून भर घालायची. हुशारी ही अशी असते.

९ जून
संकल्प: रोज सहाला उठून ड्रेसिंग.

१० जून, सव्वाआठ
आत्ता उठलो. बायकोने ड्रेसिंग केलं. मार्गदर्शन मी पलंगावरून केलं.

१५ जून
जखम ओली. वास येतो म्हणे. बायको म्हणाली, नर्सताईंना बोलावू या. मी सांगितलं, बरी होण्याआधी जखम अशीच दिसते. हे कुठे वाचलं ते आठवत नाही.

२० जून
बाटलीला आतून गुळगुळीत चकाकी आलीय. औषध मुरलं म्हणायचं. लॅबमध्ये मात्र प्रयोगासाठी काचेवर वाढवायला घेतलेली माझी बायोफिल्म याही वेळी धरली नाही. काचेचाच दोष.

२४ जून
नर्सताई न बोलावता आल्या. घरचा भेदी कोण, ते माहीत आहे. त्यांनी आधी जखम पाहिली, मग बाटली, मग मला. बाटली माझ्याच लॅबला तपासायला पाठवली. कर नाही त्याला डर कशाला?

२७ जून
रिपोर्ट आला. बाटलीत अस्सल, जाडजूड बायोफिल्म. वरून नवं औषध ओतत होतो आणि रोज जुने जंतू जखमेवर फवारत होतो. लॅब असिस्टंटने अभिनंदन केलं. म्हणाली, सर, इतकी छान वाढलेली कधी पाहिली नाही, पद्धत लिहून द्या ना. बायको बोलत नाही. सासऱ्यांसमोर मला रडूच आलं. ते म्हणाले, असू द्या जावईबापू, अंगठा आहे अजून. मग म्हणाले, तुम्ही आता घरी जा.

२१ जुलै
अंगठा वाचला! सगळं श्रेय नर्सताईंना. बाटली तपासली कुणाच्या लॅबने, हे कुणीच बोलत नाही. आज भेटायला गेलो. सासरे कित्येक महिन्यांनी स्वतःच्या पायांनी दारापर्यंत आले. मला पिशवी उघडायला लावली, आत नीट पाहिलं, आणि मग म्हणाले, या.