वर चाळीस झाले आहेत

तीर्थरूप मामींच्या पायांवर डोकं ठेवून, आणि मामांच्या पायांवर जरा लांबूनच, भाच्याचा नमस्कार.

मी इथे खुशाल आहे. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? मामांचा खोकला कसा आहे? गाद्यांच्या दुकानात कापूस नाकातोंडात जाणारच, पण तोंडाला फडकं बांधा म्हटलं तर ते बांधणार नाहीत, कारण मग त्यांना बोलता येत नाही. मांजर व्याली का? किती झाली? हे पत्र मामांना नेहमीसारखं वाचून दाखवाल, तेव्हा कंसातला मजकूर वगळा. (कंसातलं फक्त तुमच्यासाठी आहे. त्यांना संशय आलाच तर तुम्ही मध्येच खोकला काढा, म्हणजे तेही खोकतील आणि वेळ निभावून जाईल.)

निघताना मामा चारचौघांत जे बोलले ते मी विसरलेलो नाही. सहा महिन्यांत या नोकरीत कायम झालास तर मी जन्मात तुला नावं ठेवणार नाही, नाहीतर परत येऊन माझ्या दुकानात म्हातारा होईपर्यंत गाद्या शिवायच्या. मामी, मला गादीवर झोपायचा धीर निघत नाही, शिवायचा कुठून निघणार? माझ्या पायाला भिंगरी आहे हे तुम्हीच सगळ्यांना सांगत आलात. छापखान्यातून पळालो, बर्फाच्या कारखान्यातून पळालो, लॉरीवरूनसुद्धा पळालो, जिथे मुळात लॉरीच पळत होती. (एकूण आठ नोकऱ्या झाल्या. मामा अकरा म्हणतात, कारण छापखान्यातून मला चारदा काढलं ते चारही वेळा ते वेगळं धरतात.) पण इथे मी पाच महिने आणि तीन आठवडे टिकलो आहे, तेही एका जागी उभा राहून. आता फक्त शेवटचा आठवडा राहिला आहे. आणि घोडं तिथेच पेंड खातं आहे.

आधी काम सांगतो. इथे एक टेकडी आहे आणि टेकडीवर तळं आहे. पूर्वी लोक झुंडीनं वर जायचे, गवत तुडवायचे, कागद फेकायचे, बदकांना खडे मारायचे. असंच चाललं तर दहा वर्षांत तळं संपेल आणि तळं संपलं की पर्यटकही संपतील, असं वरच्यांच्या ध्यानात आलं. म्हणून ‘शाश्वत पर्यटन विकास आराखडा’ करायचं ठरलं आणि तो करायला एक बाई आल्या. (सगळे त्यांना आराखडेबाई म्हणतात. त्या चालतातसुद्धा आराखड्यासारख्या, आधी उद्दिष्ट ठरवतात आणि मग पाऊल टाकतात.) शाश्वत म्हणजे काय हो, असं मी विचारलं, तर त्या म्हणाल्या, आज आपण पाहतो ते तळं आपल्या नातवंडांनाही पाहायला मिळायला हवं. मला एकदम पटलं. माझं लग्नाचं कुठे काही नाही, पण नातवंडांची सोय लागते आहे म्हटल्यावर बरं वाटलं.

मग एक तज्ज्ञ आले. ते दोन दिवस काठावर पालथे पडून होते. मला वाटलं चक्कर आली, मी पाणी घेऊन धावलो, तर ते गवत बघत होते. माणसाचा पाय पडल्यावर काडी पुन्हा उभी राहायला किती वेळ घेते, ते त्यांनी घड्याळ लावून मोजलं आणि सांगितलं, ही टेकडी एका वेळी चाळीस माणसं सोसते, एकेचाळिसावा सोसत नाही. याला धारणक्षमता म्हणतात. (आपल्या घराची धारणक्षमता धाकट्या मावशीच्या लग्नात कळली होती, फक्त तेव्हा शब्द माहीत नव्हता.)

मला फाटकावर उभं केलं. हातात एक यंत्र दिलं. एक खटका दाबला की आकडा वाढतो, दुसरा दाबला की उतरतो. आणि वरच्या कचेरीतल्या मोठ्या कारकुनांच्या सहीचा कागद दिला: फाटकाच्या आत येणारा प्रत्येक माणूस मोजावा, चाळीस झाले की फाटक लावावे, कोणाचीही गय करू नये. माझं शिक्षण तुम्हाला ठाऊक आहे, चौथीच्या वर्गातून खिडकीवाटे गेलो तो परत फिरलो नाही. पण एवढं मला वाचता येतं. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. मी आतल्या बाजूला उभा राहतो, तेव्हा रोज पहिला खटका मी माझाच दाबतो. मग कचेरीतली मंडळी वर जातात, त्यांचे दाबतो. आणि उरतील तेवढे पर्यटक.

सुरुवातीला कचेरीत माझ्यासकट बारा जण होते, म्हणजे अठ्ठावीस पर्यटकांना जागा होती. बाहेर रांग लागायला लागली. रांगेतल्यांनी तक्रारी केल्या, म्हणून तक्रारी ऐकायला एक अधिकारी नेमला. तो वर बसतो, म्हणजे एक पर्यटक कमी झाला. त्यानं रांग वाढली, म्हणून रांगेचा अभ्यास करायला दोघं आले, तेही वरच बसतात. मग पाणी तपासणारे, आवाज मोजणारे, बदकांच्या मनःस्थितीची नोंद ठेवणारे. (बदकं सहा आहेत आणि नोंद ठेवणारे सात. सातव्याला बदक नाही, म्हणून तो फार उदास असतो, पण त्याची नोंद कोणी ठेवत नाही.) चौथ्या महिन्यात एक जण फक्त एवढंच शोधायला आला, की वर इतकी माणसं का झाली. तो चाळिसावा.

त्या दिवसापासून सकाळी दहाला माझे चाळीस भरतात आणि संध्याकाळपर्यंत फाटक बंद. ‘वर चाळीस झाले आहेत’ अशी पाटीच रंगवून लावली. पाटी बघून बस आता इथे थांबत नाही, नुसती जरा हळू होते. येतं ते फक्त एक नवीन जोडपं. ते गेले सात रविवार येतं, फाटकासमोरच्या चहावालीच्या बाकावर बसतं आणि माझ्याकडे बघतं. पहिल्या रविवारी नवऱ्यानं मला शिव्या घातल्या होत्या. आता तो माझ्यासाठी बिस्किटं आणतो.

तर गेल्या मंगळवारी मोठे साहेब तपासणीला आले. सगळ्या टेकड्यांचे आणि सगळ्या तळ्यांचे साहेब. बूट असे, की त्यात मला माझा चेहरा दिसला आणि दाढी करायला हवी होती हे कळलं. मी सलाम ठोकला आणि म्हणालो, “साहेब, वर चाळीस झालेत.”

“मी कोण आहे, माहीत आहे का?”

“माहीत आहे की. एकेचाळिसावे.”

मामी, खरं सांगतो, उद्धटपणा नव्हता. मला विचारलं, मी उत्तर दिलं. साहेब लाल झाले, मग पांढरे झाले, मग ऊन लागायला लागलं म्हणून चहावालीच्या बाकावर जाऊन बसले. ती म्हणाली, “बसा निवांत, इथं कोणी मोजत नाही.”

तेवढ्यात वरून मोठे कारकून धोतरात विंचू शिरल्यासारखे धावत आले, थेट फाटकाबाहेर गेले आणि साहेबांपुढे कमरेत वाकले. मी उतरता खटका दाबला. एकोणचाळीस. जागा झाली म्हटल्यावर साहेबांना अदबीनं आत घेतलं, चढता खटका दाबला. चाळीस. फाटक लावलं. मोठे कारकून वळून बघतात तर गजांच्या पलीकडे मी.

“अरे गाढवा, मी आहे, मी!”

“दिसताय की. पण कागदावर सही तुमचीच आहे ना.”

साहेब वर पोचले आणि त्यांनी विचारलं, या महिन्यात किती पर्यटक आले? याचं उत्तर फक्त मोठ्या कारकुनांकडे, आणि ते बाहेर. त्यांच्यासाठी कोण खाली उतरतो, असं विचारल्यावर एकही जण हलला नाही, कारण उतरलेल्याला पुन्हा वर चढायला मिळेल याचा भरवसा कोणालाच नव्हता. (आराखडेबाईंनी तर टेबल धरून ठेवलं होतं म्हणे.) शेवटी पायऱ्यांच्या तीन वळणांवर तीन माणसं उभी केली आणि प्रश्न हाळी देत देत खाली आला. मोठ्या कारकुनांनी गजांना तोंड लावून उत्तर दिलं, “एकही नाही.” उत्तर वर पोचायला पाच मिनिटं लागली. साहेब खाली पोचायला दोन.

 फाटकातूनच कचेरीला हुकूम सुटला: आठ दिवसांत निदान एक पर्यटक वर न्या, त्याला तळं दाखवा, तो समाधानी झाला अशी त्याची सही आणा, नाहीतर कचेरीला कुलूप. साहेबांची गाडी वळणाआड गेली आणि मोठे कारकून माझ्याकडे वळले. “लोक अडवलेस तू, तेव्हा आणायचाही तूच. आणलास तर त्याच दिवशी कायम. नाही आणलास तर कुलूप पडायच्या आधी तू बाहेर.”

मी आधी त्या जोडप्याला त्यांच्या घरी जाऊन गाठलं. आता वर जाच म्हटलं, या रविवारी जागा करून देतो. तर नवरा म्हणाला, नको, बाकावरच बरं वाटतं. आणि बायको म्हणाली, “वर काय आहे ते एकदा कळलं, की मग यायचं कशाला?” येणाऱ्या-जाणाऱ्या बसला हात केला, तर ड्रायव्हर पाटीकडे बोट दाखवून पुढे जातो. रंगाऱ्याकडे पाटी पुसायला माणूस मागितला, तर म्हणतो वरून लेखी आणा, आणि वरचे म्हणतात आधी पाटीच्या परिणामांचा अभ्यास होऊ दे.

असो. बाकी सगळं उत्तम चाललं आहे. मामांना सांगा, भाचा पर्यटन क्षेत्रात मोठी जबाबदारी सांभाळतो आहे. सगळ्यांना नमस्कार, मांजरीला आणि तिच्या पिल्लांना आशीर्वाद.

आपला,
फाटकावर उभा भाचा

ता. क. मामी, इथून पुढचं सगळं कंसातलंच समजा. तुम्ही येता का? येत्या सोमवारी सकाळच्या बसनं. ड्रायव्हरला म्हणा मला चक्कर येते आहे, म्हणजे थांबवेल. तुमच्यासाठी चाळिसातला एक जण कमी व्हायला हवा आणि माझ्याशिवाय कोणी तयार नाही. तेव्हा तुम्ही आत याल आणि मी बाहेर जाईन, यंत्र तेवढ्यापुरतं मोठे कारकून धरतील. भेट फाटकातच होईल, पाया तिथेच पडेन, चालता चालता. पायऱ्या दोनशे बारा आहेत. गुडघ्याला सांभाळत, बसत बसत चढा, पण बसाल ते दगडावर, गवतावर नाही.

आणखी ता. क. तुम्हाला दाखवायचं ते आधी बघावं म्हणून काल मी पहिल्यांदाच वर गेलो. तळं दिसत नाही. पायऱ्या आणि तळं यांच्या मधोमध कचेरी बांधली आहे. फक्त तक्रार अधिकाऱ्याच्या खिडकीतून दिसतं, त्यानं कपाट सरकवलं तर. जेवणाच्या सुट्टीत सरकवायला तो कबूल झाला आहे. पण मामी, तळं खरंच चांगलं आहे. मी त्या खिडकीशी दहा मिनिटं नुसता उभा होतो आणि पाय शिवशिवले नाहीत. तेव्हा ‘समाधानी आहात का’ या रकान्यात बिनधास्त होय लिहा. खोटं झालंच तर कपाटापुरतं होईल.

शेवटचं ता. क. काही झालं तरी मामांना आणू नका. उभ्या जन्मात ते कशानं समाधानी झाल्याचं आपल्या घरात कोणी पाहिलेलं नाही, आणि त्या कागदावर खाली ‘सुधारणेसाठी सूचना’ म्हणून बारा ओळी मोकळ्या सोडल्या आहेत. हे त्यांच्या कानावर गेलं तर ते तुमच्या आधी बसमध्ये बसतील. आणि बसलेच असतील, तर कळवायची तसदी घेऊ नका, मी ट्रंक भरायला घेतो. फक्त गाद्यांची एखादी मोठ्या नाकाची सुई माझ्यासाठी काढून ठेवा, दोरा ओवण्यातच पहिला दिवस जायला नको.